रात्रीचं मालवाहू विमान की छोट्या शहरांचं प्रवासी विमान? पायलटच्या झोपेचा हिशेब

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी आली. बारावीला मी तिला भौतिकशास्त्र शिकवलं होतं. आता तिच्या हातात व्यावसायिक पायलटचा परवाना आहे, ज्याला सगळे ‘सीपीएल’ म्हणतात. त्यासाठी लागणारे दोनशे तास बारामतीत उडून पूर्ण करायला तिला दोन वर्षांहून जास्त लागली आणि सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेवर कर्ज चढलं. पेढा हातावर ठेवला आणि तिनं लगेच विचारलं, “सर, एटीआरला, म्हणजे छोट्या शहरांच्या प्रवासी विमानाला अर्ज करू की मालवाहूला?” सोबत आलेले तिचे वडील खुर्चीच्या काठावर बसून म्हणाले, “सर, तुम्हीच सांगा हिला. एवढा पैसा घालून माणसं सोडून खोकी वाहायची, ती पण रातच्याला?”

सोलापुरात हा प्रश्न आता घरोघरी येणार आहे. होटगी रोडच्या विमानतळासाठी आपण किती वर्षं थांबलो ते सगळ्यांना आठवतं. जून २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी पाडली गेली, तेव्हा अर्धं गाव हळहळलं आणि अर्धं गाव सुटलो म्हणालं. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, १५ ऑक्टोबरला मुंबईचं. तेव्हापासून वर्गात शिकवताना आवाज आला की मागच्या बाकावरची पोरं खिडकीकडं बघतात. मी त्यांना रागावत नाही, मीही बघतो.

मग डिसेंबर आला. देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची, इंडिगोची, उड्डाणं धडाधड रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराहून जास्त. कारण सांगितलं गेलं, पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम. शिक्षकांच्या खोलीत सगळे मला विचारत होते, पायलटला झोप द्यायची म्हटल्यावर विमानं कशी काय बंद पडतात?

हा प्रश्न आणि त्या मुलीचा प्रश्न मुळात एकच आहे असं मला वाटतं. मालवाहू की प्रवासी, हा निवडीचा खरा मुद्दा नाही. पायलटची झोप कोण घेतं, किती घेतं आणि ती परत मिळते का, हा आहे. पगार आणि मान यांचा विचार त्याच्यानंतर.

आधी दोन्ही नोकऱ्या बघू

गोव्याहून आपल्याकडं येतं ते एटीआर ७२. दोन पंखे, सत्तरच्या आसपास खुर्च्या. ही विमानाच्या दुनियेतली लालपरी. तास-सव्वा तासाच्या आतले टप्पे, छोटी शहरं, छोट्या धावपट्ट्या. अशा विमानाचा पायलट एका दिवसात चार टप्पे करतो, कधी त्याहून जास्त. टप्प्याला त्यांच्या भाषेत ‘सेक्टर’ म्हणतात: एकदा उडणं आणि एकदा उतरणं. चार सेक्टर म्हणजे चारदा प्रवासी चढवायचे, चारदा वजनाचा हिशेब, चारदा इंधन, चारदा हवामान. पंढरपूर-मंगळवेढा फेऱ्या मारणाऱ्या एसटी ड्रायव्हरला विचारा. थकवा किलोमीटरचा नसतो, स्टँडांचा असतो.

मालवाहू पायलटची रात्र वेगळी. शहरातली पार्सलं संध्याकाळी गोळा होतात, विमानतळावर पोहोचेपर्यंत दहा-अकरा वाजतात. विमान मध्यरात्रीच्या सुमाराला उडतं, दीड-दोन तासांनी दुसऱ्या महानगरात उतरतं. तिथं माल उतरवून दुसरा भरेपर्यंत पायलट थांबतो आणि उजाडायच्या आत परत येतो किंवा तिथंच हॉटेलात झोपतो. सेक्टर दोन, फार तर तीन. हवाई सुंदरी नाही, प्रवासी नाहीत, जेवण स्वतःच गरम करून खायचं. विमान बहुधा मोठं जेट असतं. त्यातली बरीच आधी प्रवासी विमानंच होती. वय झाल्यावर खुर्च्या काढल्या, खिडक्या बुजवल्या, बाजूला मोठा दरवाजा बसवला.

पार्सल रात्रीच का उडतं?

याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे, नागपुरात. ३० जानेवारी १९४९ ला देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून संध्याकाळनंतर एकेक विमान निघायचं आणि चारही विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची. तिथं टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि जो तो आपापल्या गावी पहाटेपर्यंत परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात.

यातलं गणित मी मुलांना फळ्यावर करून दाखवतो. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मधे एक अड्डा धरला की चार पुरतात. चार शहरांत हा फरक छोटा वाटतो. पंचवीस शहरं घ्या: थेट जोडायला तीनशे मार्ग, अड्ड्यातून फक्त पंचवीस. आपल्या मार्केट यार्डात हेच होतं. प्रत्येक शेतकरी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारी कांदा नेत नाही; सगळे एका जागी येतात, माल हलतो, सगळे पांगतात. अमेरिकेत फेडेक्स या पार्सल कंपनीनं १७ एप्रिल १९७३ च्या रात्री मेम्फिसच्या अड्ड्यावरून १४ छोट्या विमानांनी १८६ पार्सलं २५ शहरांत पोहोचवली आणि जगभर या पद्धतीचं कौतुक झालं. नागपूरचे टपाल कर्मचारी ते चोवीस वर्षं आधीपासून करत होते. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पण या पद्धतीला एक अट आहे. सगळी विमानं अड्ड्यावर एकाच वेळी आली पाहिजेत, आणि ती वेळ सगळी दुकानं-कारखाने बंद असतानाची पाहिजे. म्हणजे रात्र. शिवाय मुंबईसारख्या विमानतळावर दिवसा उतरायला जागा मिळत नाही, रात्री मिळते. हवेचाही थोडा हातभार असतो. सोलापूरच्या ४३ अंशांच्या दुपारी हवा २३ अंशांच्या पहाटेपेक्षा सहा-सात टक्के विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाला ताकद कमी मिळते. मे महिन्यात दुपारच्या विमानाला कधीकधी वजन कमी करावं लागतं, ते यामुळं.

तर मालाला रात्र सोयीची. माणसाला नाही.

शरीराचं घड्याळ

माझे वडील मालगाडीचे ड्रायव्हर होते, आता ज्यांना लोको पायलट म्हणतात ते. आम्ही रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचो. रात्री साडेअकराला सायकलवरून कॉलबॉय यायचा, दार वाजवायचा, रजिस्टर पुढं करायचा. वडील कंदिलासारख्या पिवळ्या बल्बखाली सही करायचे, वेळ लिहायचे आणि दोन तासांत गाडीवर असायचे. दौंडपर्यंत जायचं, रनिंग रूममध्ये पडायचं, मिळेल ती गाडी घेऊन परत. सकाळी नऊला घरी आले की दूध-भाकरी खाऊन झोपायचे. आणि दुपारी साडेबाराला, एकला जागे. कुणी उठवायचं नाही, तरी जागे. डोळे लाल, तोंड उतरलेलं. मला लहानपणी वाटायचं, बाबांना झोप कमी लागते.

त्याचं कारण मला फार नंतर कळलं. आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे आणि ते उजेडावर चालतं. २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच घड्याळाची आतली यंत्रणा शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना मिळालं. रात्री दोन ते सहा हा त्या घड्याळाचा तळ. शरीराचं तापमान सर्वांत कमी, लक्ष सर्वांत पातळ, हात उशिरा हलतात. विमानाच्या नियमांत या वेळेला स्वतंत्र नाव आहे. मराठीत आपण तिला ‘तळाची वेळ’ म्हणू. उलट सकाळी दहानंतर शरीर जागं होण्याच्या तयारीत असतं. तेव्हा माणूस कितीही दमलेला असो, घड्याळ त्याला आतून ढकलून उठवतं. वडिलांची झोप कमी नव्हती. ती चुकीच्या वेळेला मागितली जात होती.

“सवय होते की!” हे वाक्य रातपाळीबद्दल सगळ्यांत जास्त ऐकू येतं. अक्कलकोट रोडच्या कारखान्यातले कामगारही हेच म्हणतात. मनाला सवय होते हे खरं आहे. शरीराला पूर्ण होत नाही, कारण कामावरून घरी येताना सकाळचं ऊन डोळ्यांत जातं आणि घड्याळ पुन्हा दिवसावर लागतं. त्यात सुट्टीच्या दिवशी माणूस बायकापोरांसाठी दिवसा जागतो, लग्नाला जातो, बाजारात जातो. दोन दिवसांनी पुन्हा रात्र. घड्याळ एका बाजूला बसायच्या आत दुसरीकडं ओढलं जातं. सलग सतरा तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतका मंद होतो, हे १९९७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात मोजलं गेलं आहे. दिवसभर घरकामात गेलेला आणि रात्री अकराला कामावर निघालेला माणूस आधीच सतरा तासांच्या पलीकडं असतो.

आणि यात एक अवघड गोष्ट अशी की दमलेल्या माणसाला आपण किती दमलोय हे नीट कळत नाही. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेलं विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १५८ माणसं गेली. ते प्रवासी विमान होतं, मालवाहू नव्हतं. चौकशीत दिसलं की कॉकपिटच्या शेवटच्या दोन तासांच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टन दीड तासाहून जास्त झोपलेले होते आणि उठल्यावरची सुस्ती पुरती उतरायच्या आत विमान खाली आणत होते. वेळ होती सकाळी सहाच्या आसपासची. त्यांना आळशी म्हणणं सोपं आहे. मला त्यांच्या जागी माझे वडील दिसतात.

मग दिवसा उडणारा पायलट ताजातवाना असतो का?

इथं सोबत आलेली मुलीची आई पहिल्यांदा बोलली. “मग दिवसाचंच बरं. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी.”

तसं असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती. छोट्या शहरांच्या विमानाचं पहिलं उड्डाण पुष्कळदा सकाळी सहा-साडेसहाचं असतं. त्याच्या तासभर आधी हजर व्हायचं, त्याआधी मोठ्या शहरात तासाभराचा प्रवास, त्याआधी आंघोळ-आवरणं. म्हणजे गजर तीनचा, सव्वातीनचा. तळाची वेळ इथंही कापली गेलीच. आणि रात्री आठला झोपायला जाऊन झोप लागत नाही, कारण संध्याकाळी घड्याळ सर्वांत जागं असतं. मालवाहूचा पायलट एका रात्रीची झोप उघडपणे गमावतो. एटीआरचा पायलट रोज दोन-तीन तास गुपचूप गमावत जातो.

शिवाय उतरणं. उडतानाचा बराच वेळ ऑटोपायलट सांभाळतो. कस लागतो तो जमिनीजवळ. चार सेक्टर म्हणजे चार वेळा तो कस. त्यात छोटी शहरं. मोठ्या विमानतळावर धावपट्टीकडून एक रेडिओ संकेत येतो, तो ढगातूनही उतरण्याची वाट दाखवतो. जिथं तो नसतो, तिथं पायलटला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. त्यासाठी साधारण पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसणं गरजेचं. डिसेंबरच्या सकाळी धुकं आलं की छोट्या गावांची विमानं का रखडतात किंवा परत का जातात, याचं हे एक कारण आहे. पायलट घाबरट असतो म्हणून नाही.

आणि पाऊस. एटीआर पंचवीस हजार फुटांच्या वर जात नाही. पावसाळी ढगांचे मनोरे चाळीस हजारांच्या वर जातात. मोठं जेट पुष्कळदा खराब हवेच्या वरून निघून जातं. छोट्या विमानाला तिच्यातूनच वाट शोधावी लागते. वळसा घ्यायचा, थांबायचं, परत फिरायचं. जूनमध्ये गोव्याकडून घाट ओलांडणाऱ्या पायलटला मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलो शहराजवळ अशाच छोट्या मार्गावरचं पंख्याचं विमान कोसळलं. ५० जण मृत्युमुखी पडले. मुख्य कारण कॅप्टननं ऐनवेळी उलटी हालचाल केली हे होतं. पण तपासात दोघांच्या झोपेचा प्रश्न पुढं आला. पगार इतका तोकडा होता की सहवैमानिक तरुणी कामाच्या शहरात घर घेऊ शकत नव्हती. ती देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून ड्यूटीवर आली होती, आणि तो रात्रीचा प्रवास तिनं मालवाहू विमानांतून केला होता. दोन्ही नोकऱ्या एकाच माणसाच्या झोपेत अशा एकत्र आलेल्या मी दुसरीकडं कुठं वाचलेल्या नाहीत. त्या अपघातानंतर तिकडं सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांच्या अनुभवाची अट आली. आपल्याकडं २०० तासांवर परवाना मिळतो, म्हणजे आपली मुलं शिकाऊ वयातच या थकव्यात उतरतात.

नियम काय सांगतात, आणि कुणाला सांगतात

कामाचे तास आणि विश्रांती यांच्या नियमांना ‘एफडीटीएल’ म्हणतात. इथून पुढं नुसतं ‘विश्रांतीचे नियम’ म्हणतो. आपल्या नागरी विमान महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, जानेवारी २०२४ मध्ये ते बदलले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्र पूर्वी पहाटे पाचला संपायची, आता सहाला. आणि रात्रीच्या कामात उतरणी पूर्वी सहापर्यंत चालायच्या, आता दोनच. हे दोन टप्प्यांत लागू झाले: जुलै २०२५ आणि नोव्हेंबर २०२५.

आता डिसेंबरचं कोडं सोडवायला सोपं आहे. समजा एका कारखान्यात शंभर माग तीन पाळ्यांत चालतात आणि मालकानं नेमके तेवढेच कामगार ठेवलेत, एकही जास्त नाही. उद्या सरकार म्हणालं, आठवड्याला अर्धा दिवस सुट्टी जास्त द्या. तर माग बंद पडणारच. चूक सुट्टीची नाही, आधी माणसं न भरल्याची आहे, आणि तयारीला जवळजवळ दोन वर्षं मिळालेली होती. शेवटी प्रवाशांचे हाल बघून इंडिगोला रात्रीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली गेली. म्हणजे झोप पुन्हा थोडी उधार घेतली. लोक अडकले होते, दुसरा मार्ग त्या आठवड्यात दिसत नव्हता, हे मी समजू शकतो. तरी मला ते टोचतं.

अमेरिकेत याहून जास्त टोचणारी गोष्ट झाली. बफेलोनंतर तिथं ४ जानेवारी २०१४ पासून विश्रांतीचे कडक नियम लागू झाले, फक्त प्रवासी विमानांच्या पायलटना. मालवाहू पायलट वगळले गेले. कारण सरळ हिशेबाचं दिलं गेलं: नियम लावायचा खर्च जास्त, वाचणारे जीव कमी. मागं माणसं नाहीत, म्हणून पुढच्या दोघांच्या झोपेची किंमत कमी धरली. नियम ठरला होता, लागू व्हायचा होता, त्या मधल्या काळात, १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे, पाचच्या सुमाराला, युपीएस या पार्सल कंपनीचं मालवाहू विमान बर्मिंगहॅमच्या धावपट्टीअलीकडं टेकडीवर आदळलं. दोन्ही पायलट गेले. थकवा हे त्यातलं एक कारण म्हणून अहवालात नोंदलेलं आहे. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात ते दोघं काही वेळापूर्वी नेमक्या याच विषयावर बोलत होते, की आम्हाला हे नियम का नाहीत.

विमान कशावर आदळतं ते मागं काय भरलंय यावर ठरत नाही. खाली वस्ती असते, त्याच आभाळात दुसरं विमान माणसं घेऊन जात असतं. पायलटच्या झोपेचा नियम त्याच्या शरीराकडं बघून करावा, त्याच्या मालाकडं बघून करू नये. या बाबतीत मी दोन बाजू मांडणार नाही.

“माणसं सोडून खोकी वाहायची?”

मुलीच्या वडिलांना मी दुसरी एक तारीख सांगितली. १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून छोटं विमान स्वतः चालवत मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. विमानात प्रवासी नव्हते, टपाल होतं. देशातली नियमित विमानसेवा खोक्यांनी आणि थैल्यांनीच सुरू झाली. बरोबर ९३ वर्षांनी, त्याच तारखेला आपलं मुंबईचं विमान सुरू झालं. ते थोडं हसले, पटलं नाही.

खोकी मुकी असतात, पण गरीब नसतात. लिथियम बॅटऱ्यांचं पार्सल पेटलं तर काय होतं ते ३ सप्टेंबर २०१० ला दुबईत दिसलं: मालवाहू बोइंग ७४७ विमानात आग, कॉकपिटभर धूर, समोरचे काटे दिसेनात, दोघंही पायलट गेले. प्रवासी विमानात आग विझवायला मागं क्रू असतो. मालवाहूच्या मोठ्या कप्प्यात जाऊन आग विझवणं शक्यच नसतं. तिथली रीत अशी की कप्प्यातला हवेचा दाब सोडून द्यायचा, म्हणजे आगीला ऑक्सिजन कमी पडेल. पायलटनी मास्क चढवायचे आणि जवळात जवळचा विमानतळ गाठायचा. माल नीट बांधलेला नसेल तर तो घसरतो आणि विमानाचा तोल जातो. ऊस भरलेल्या ट्रॉलीचा एक दोर सुटला की काय होतं ते आपल्याकडं वेगळं सांगायला नको.

पगार, बढती आणि कंपनी बुडाली तर

आकडे कंपनीगणिक बदलतात, म्हणून रचना सांगतो. ठरावीक तासांचा पगार हमखास, त्याच्या वरच्या तासांचे वेगळे पैसे. एटीआरवर टप्पे छोटे असल्यानं दिवस मोठा आणि वहीत भरणारे तास कमी. उतरण्याचा हात मात्र पक्का होतो आणि कॅप्टनची खुर्ची बहुधा लवकर मिळते. 

दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. पायलटला प्रत्येक जातीच्या विमानासाठी वेगळी परवानगी लागते, तिला ‘टाइप रेटिंग’ म्हणतात, आणि तिचा खर्च पुन्हा लाखांत. एटीआरची परवानगी जेटवर चालत नाही. मालवाहू कंपनीचं विमान बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० च्या घराण्यातलं असेल, तर तीच परवानगी उद्या प्रवासी कंपनीतही चालते, कारण देशातली बहुतेक प्रवासी विमानं याच दोन घराण्यांची आहेत. पण मालवाहू विमान बोइंग ७५७ असेल, तर ती वाट बंद. आपल्याकडची कुठलीच प्रवासी कंपनी ते उडवत नाही. म्हणून नुसतं “मालवाहू आहे का” विचारून भागत नाही, “कुठलं विमान” हे विचारायला लागतं.

बुडण्याचं म्हणाल तर दोन्हीकडं पाण्याची खोली सारखीच. किंगफिशरचं विमान एकेकाळी सोलापूरलाही येत होतं. २०१२ मध्ये ती कंपनी थांबली. नांदेड, जळगाव, कोल्हापूरला एटीआर उडवणारी ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. मालवाहूत डेक्कन ३६० ही कंपनी नागपूरलाच अड्डा करून उभी राहिली होती, २०११ मध्ये बंद झाली. छोट्या शहरांच्या मार्गांना सरकार तोट्याची भरपाई देतं, उडान योजनेत तीन वर्षांपर्यंत. त्यानंतर विमान स्वतःच्या कमाईवर उडायला हवं. मालवाहूला ती भरपाई नाही, पण ऑनलाइन खरेदीची पार्सलं दर सणाला वाढतायत. एक फरक मात्र मोठा: निव्वळ मालाची विमानं देशात अगदी मोजकी आहेत, प्रवासी विमानं आठशेच्या वर. जागा कुठं जास्त निघतील ते उघड आहे.

“रात्री एकट्या मुलीनं?”

हे आईनं दारात चपला घालताना विचारलं, हळू आवाजात. कॉकपिटमध्ये ती एकटी नसते, दोघं असतात. हॉटेल आणि गाडी कंपनीची असते. आपल्या देशात महिला पायलटांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त आहे, त्यामुळं ती काही पहिली नसेल. रात्रीची गाडी वेळेवर येते का, सोबत कोण असतं, हे मात्र अर्ज करायच्या आधी विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे आणि मी तिला ते विचारायला सांगितलं.

मी तिला अजून चार प्रश्न लिहून दिले होते. महिन्यात सलग किती रात्री लावता? पहाटेची ड्यूटी आणि रात्रीची ड्यूटी एकाच आठवड्यात मिसळता का? वेळापत्रक किती दिवस आधी हातात येतं? आणि “मी दमले आहे, आज उडू शकत नाही” असं कळवलं, तर पुढं काय होतं? चौथ्याचं उत्तर काय मिळतं त्यापेक्षा ते देताना समोरचा किती वेळ थांबतो ते बघ, असंही सांगितलं. माझं स्वतःचं मत तिला हवं होतं, ते दिलं: पहिली तीन-चार वर्षं एटीआर, कारण उतरणं तिथं शिकता येतं आणि जागाही तिथंच जास्त. मालवाहू नंतर, घर कुठं करायचं ते ठरल्यावर.

तेवढ्यात आतल्या खोलीतून माझी आई बाहेर आली. ती आता ऐंशीच्या पुढं आहे. ती सगळं ऐकत होती. तिनं मुलीला जवळ बसवलं आणि माझ्या वडिलांच्या झोपेसाठी ती काय काय करायची ते सांगायला लागली. खिडकीला आतून चादर, सोलापुरीच, जाड, चारही कोपऱ्यांना खिळे मारून. पडदा चालत नाही, कडेनं उजेड येतो. बाहेरच्या दाराला कडी नाही, कागदाची घडी घालून दार दाबून ठेवायचं म्हणजे वाजत नाही. भंगारवाल्याला, भाजीवाल्याला कोपऱ्यावरच थांबायला सांगून ठेवायचं. कुकर ते उठल्यावर लावायचा. आणि घरी आल्या आल्या महत्त्वाचं काही बोलायचं नाही, आधी झोपू द्यायचं.

मुलीनं पर्समधून पेन काढलं आणि माझ्या चार प्रश्नांच्या खाली ते सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, “आजी, खिळे किती इंचाचे?”